चूक खात्याची, व्याज कोणाला?

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या ज्या कर्मचाऱ्यांनी फंडाच्या पैशातून शेअर घेतले-विकले, त्यांनी हे जरूर वाचावे.

● काय घडले? विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर, उदाहरणार्थ शेअर विक्रीच्या अल्पकालीन नफ्यावर, काही करदात्यांना प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८७अ ची करसूट (ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळणारी) मिळाली. ती चुकून दिली, असे म्हणत प्राप्तिकर खात्याने नंतर हिशेब दुरुस्त केला आणि कराची मागणी काढली.

● व्याज किती? १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम २२०(२) नुसार मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम न भरल्यास दरमहा १ टक्का. महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरतात. १०,००० रुपये थकले, तर महिन्याला १०० रुपये.

● दिलासा कोणता? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने (क्र. १३/२०२५) हे व्याज माफ केले. अट एकच होती: मागणीची रक्कम ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरणे. कर मात्र माफ झाला नाही. मुदत चुकवलेल्यांना व्याज मूळ तारखेपासूनच.

● इतर चुकांचे काय? कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. खरी अडचण असेल आणि कायद्यातील इतर अटी पूर्ण होत असतील, तर कलम २२०(२अ) खाली व्याजमाफी मागता येते.

खात्याच्या चुकीचा भुर्दंड करदात्यावर पडू नये. ही माफी अशा प्रत्येक प्रकरणात, अर्जाविना मिळायला हवी.