वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. आता भाकरी किती, पाणी कधी आणि पंगतीत काय करायचं?

लठ्ठपणावरचं ऑपरेशन म्हटलं की पूर्वी मोठ्या लोकांची नावं आठवायची. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा त्याच्या बातम्या झाल्या होत्या. आता हे ऑपरेशन पुढाऱ्यांपुरतं राहिलेलं नाही. गुडघे बसलेले, इन्सुलिन घेऊनही साखर आटोक्यात न येणारे, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणारे खेड्यापाड्यातले रुग्णही मोठ्या शहरात जाऊन ते करून घेतात.

खरी अडचण नंतर सुरू होते. ऑपरेशन शहरात होतं, काही दिवसांत सुट्टी मिळते आणि माणूस गावाकडे येतो. हातात आहाराचा एक कागद असतो. बऱ्याचदा त्यावर ओट्स, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट असं काहीबाही लिहिलेलं असतं. घरात मात्र ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि दिवसातून पाच वेळा चहा. आठवडाभरात कागद देवळीत जातो आणि जेवण पूर्वीच्या वळणावर येतं. म्हणून कागदावरचे नियम आपल्या चुलीवर कसे बसवायचे, ते समजून घेणं गरजेचं आहे.

पोटात नेमकं काय बदललं?

दोन प्रकारची ऑपरेशनं जास्त होतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न जठराचा बाकीचा भाग आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जातं. लोह, कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वं शरीरात शोषली जातात ती बऱ्याच अंशी याच टाळलेल्या भागात. बायपासवाल्यांनी गोळ्या चुकवल्या तर जास्त महागात पडतं ते यामुळे.

स्लीव्हमध्ये जो भाग काढतात, तिथेच भूक लावणारं एक संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. त्यामुळे सुरुवातीचे महिने भूकच लागत नाही. 'आता सवयच मोडली' असं वाटतं. पण वर्ष-दीड वर्षानं भूक हळूहळू परत येते. तोवर खाण्याची नवी पद्धत अंगात मुरलेली नसेल, तर उतरलेलं वजन पुन्हा चढायला लागतं.

पहिले दीड-दोन महिने

सुरुवातीला फक्त पातळ: पाणी, गाळलेलं कढण, मीठ घातलेलं पातळ ताक. मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत बिनसाखरेचं दूध, ताक, डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं मुगाचं वरण, घोटलेलं दही. त्यानंतर मऊ: उकडलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर, गुरगुट्या भात-वरण, शिजवलेला दुधी. सहा ते आठ आठवड्यांनंतर घरातलं नेहमीचं जेवण. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, त्यात स्वतःच्या डॉक्टरांचं ऐकायचं. शेजारच्या गावातल्या पेशंटनं पंधराव्या दिवशी चपाती खाल्ली म्हणून आपणही खायची नाही. आतले टाके भरायला वेळ लागतो.

इथं एक गैरसमज घरोघरी आहे. 'डाळीचं पाणी' म्हणजे ताकद, असं समजून आजारी माणसाला वरचं निवळ पाणी देतात. ताकद डाळीत असते, त्या पाण्यात नाही. डाळ घोटून, दाटसर करून द्यायची वेळ आली की तीच द्यावी.

ताट उलटं करायचं

आपल्या जेवणात भाकरी मुख्य आणि कालवण तोंडी लावायला. ऑपरेशननंतर हा क्रम फिरवावा लागतो. आधी डाळ, उसळ, अंडं, पनीर, मासे किंवा चिकन, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी चतकोर-अर्धी भाकरी. कारण साधं आहे. जागा थोडी, आणि दिवसाला किमान ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पोटात जायला हवं. ते नाही मिळालं तर चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं, पायात जोर राहत नाही आणि शेतात काम करणारा माणूस बांधावरच बसून राहतो.

हिशोब करून बघू. दोन अंडी १२ ग्रॅम, एक मोठा पेला म्हणजे पाव लिटर दूध ८, पन्नास ग्रॅम पनीर ९, वाटीभर दाट वरण ६, वाटीभर दही ५, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्या १५, आणि अर्धी भाकरी अडीच. एवढं सगळं खाऊनही बेरीज ५७-५८ वरच थांबते. आणि हे सगळं पहिल्या काही महिन्यांत पोटात मावतही नाही. अंडं न खाणाऱ्याचा आकडा तर ४५ च्या पुढेमागे राहतो. डॉक्टर प्रोटीन पावडर लिहून देतात ती या फरकासाठी. 'पावडरनं किडनी खराब होते' असं पारावर कुणीतरी सांगतं आणि डबा बंद होतो. ज्याला आधीपासून किडनीचा आजार आहे, त्यानं डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. बाकीच्यांनी ऐकीव गोष्टीवर बंद करू नये.

जेवायला ताटाऐवजी छोटी बशी घ्यावी, घास बोराएवढा घ्यावा आणि तो तोंडात पार पातळ होईपर्यंत चावावा. वीस-पंचवीस मिनिटं लागली तरी चालतील. छातीच्या मधोमध दाटल्यासारखं वाटलं, उचकी आली किंवा नाक गळायला लागलं की हात थांबवायचा. 'ताटात टाकू नये' हा लहानपणापासूनचा संस्कार इथं आडवा येतो, म्हणून आधीच कमी वाढून घेतलेलं बरं. चिकट भात, ताजा पाव, जाड चपाती आणि कोरडं मटण हे बऱ्याच जणांना सुरुवातीला अडकतं. त्यामानानं पिठलं, मऊ उसळ, सुकटाचं पातळसर कालवण सोपं जातं.

पाणी जेवताना नाही

जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद. बरोबर प्यायलं तर एकतर पोट ताणून उलटी होते, किंवा अन्न पाण्याबरोबर लवकर खाली सरकतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. पण दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी गेलंच पाहिजे, आणि ते तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिता येत नाही. एकच उपाय: बाटली जवळ ठेवून घोट-घोट पिणं. चैत्र-वैशाखात शेतावर जाणाऱ्यानं हे विशेष सांभाळावं. लघवी गडद पिवळी होणं, डोकं दुखणं, उभं राहिल्यावर अंधारी येणं ही पाणी कमी पडल्याची लक्षणं. सोडा आणि कोल्ड्रिंक मात्र नको. गॅसनं पोट फुगतं आणि साखरही जाते.

वजन परत वाढतं ते कशानं?

चार भाकऱ्या खाऊन नाही. तेवढ्या आता जातच नाहीत. वजन वाढतं ते सरसर खाली उतरणाऱ्या गोष्टींनी: चहात बुडवलेली बिस्किटं, शेव-चिवडा, आइस्क्रीम, स्टँडवरची भजी, उसाचा रस. हे पोटात अडत नाही, पोट भरल्याची जाणीव देत नाही, आणि दिवसभर थोडं थोडं चालू राहतं.

चहाचाच हिशोब घ्या. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. दिवसात पाच कप झाले की ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी नुसत्या चहातून. गूळ घातला तरी फारसा फरक पडत नाही, हे गुळाच्या चहाच्या टपऱ्यांवर कुणी सांगणार नाही. चहा सुटत नसेल तर बिनसाखरेचा, दिवसात एक-दोन कप, आणि जेवणापासून लांब.

दीड-दोन वर्षांनी दोन-चार किलो वाढणं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं, त्यानं घाबरून जायला नको. गिरणीतल्या काट्यावर रोज उभं राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी वजन करावं. सलग वाढतच असेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जावं. लाज वाटून लोक तिथंच जायचं टाळतात आणि मग वीस किलो वाढल्यावर जातात.

पुरणपोळी खाल्ली आणि घाम फुटला

बायपासनंतर गोड जास्त खाल्लं तर दहा-पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम, पोटात पीळ, जुलाब होऊ शकतात. साखर एकदम आतड्यात उतरल्यानं हे होतं. डॉक्टर याला 'डम्पिंग' म्हणतात. स्लीव्हवाल्यांनाही कधीकधी होतं. काहींना एक ते तीन तासांनी दुसरा त्रास होतो: रक्तातली साखर फार उतरते, हात थरथरतात, चक्कर येते. घरचे लोक कधी नजर उतरवतात, कधी पित्ताची गोळी देतात. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ऑपरेशननंतर साखर झपाट्यानं खाली येते, त्यामुळे इन्सुलिन आणि गोळ्यांचा जुनाच डोस चालू ठेवणं धोक्याचं आहे. बीपीच्या गोळ्यांचंही तेच. डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा, स्वतःच्या मनानं बंदही करू नये.

पंगत, सप्ता आणि उपवास

गावात सगळ्यात अवघड परीक्षा पंगतीत होते. 'एवढ्यानं काय होतंय', 'पार वाळलास की रे', 'एक लाडू तरी घे' हा आग्रह प्रेमाचाच असतो, पण एका लाडवानं माणूस मांडवामागं उलट्या करत बसतो. यात घरच्यांनी पुढं व्हायला हवं. वाढप्याला आधीच सांगून ठेवणं, पानात अर्धा पळी वरण आणि थोडी उसळ एवढंच घेणं, प्रसाद चिमूटभर घेणं यानं कुणाचा मान कमी होत नाही. माहेरी आलेल्या लेकीला आणि सुनेला हा आग्रह दुप्पट होतो, आणि तिच्या बाजूनं बोलणारा बहुतेक वेळा कुणी नसतो.

उपवासाचं तर आणखी वेगळं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी वाडगाभर खिचडी हे नव्या पोटाला झेपत नाही. पहिलं वर्षभर कडक उपवास टाळावा. राहवत नसेल तर दूध, दही, ताक, राजगिरा, शेंगदाण्याचं कूट घालून दर दोन-तीन तासांनी थोडं घ्यावं. निर्जळी एकादशी किंवा रोजा धरायचा असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलणं भाग आहे, कारण दिवसभराचं पाणी रात्रीच्या थोड्या तासांत पिता येत नाही.

गोळ्या जन्मभर

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या सहा महिन्यांच्या कोर्ससारख्या नसतात, त्या कायमच्या असतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर ती फारशी अंगी लागत नाही. पायाला मुंग्या, धाप, जीभ लाल होणं यांकडे 'अशक्तपणा' म्हणून दुर्लक्ष करू नये. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, त्यानं मात्र बहुतेकांनी घाबरू नये. खाणं नीट असेल तर ते परत येतात.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणणं, 'एक सुई मारा' म्हणणं बंद करावं. या औषधांनी, विशेषतः बायपासच्या जोडावर, जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. विडी-सिगारेटनं तोच धोका वाढतो. तंबाखू आणि मिश्रीही सोडलेलीच बरी. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते.

बाईनं ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहू शकतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होऊ शकतो, म्हणून दुसरं साधन कोणतं, हे डॉक्टरांना विचारावं.

कधी थांबायचं नाही

ताप, बसल्या जागी नाडी १२० च्या पुढे, पोटात किंवा खांद्यात जोरात दुखणं, धाप, काळी शी, किंवा दिवसभर पाणीही न टिकणं: यात घरगुती उपाय नको, थेट ऑपरेशन केलेला दवाखाना किंवा जवळचं मोठं रुग्णालय.

सतत उलट्या होत असतील तर काही आठवड्यांतच बी-१ जीवनसत्त्व संपतं. मग चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी बी-१ न देता ग्लुकोजची सलाईन लावली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावात उलटी म्हटलं की पहिल्यांदा सलाईनच लागते. म्हणून सुई टोचण्याआधी 'वजनाचं ऑपरेशन झालंय, बी-१ द्यायला हवं का?' एवढं नातेवाइकांनी डॉक्टरांना सांगायलाच हवं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो पेशंटच्या मोबाईलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवावा. रात्री-अपरात्री कपाटाची किल्ली शोधण्यात वेळ जात नाही.