घासण्याआधी जरा थांबा!

इब्राच्या सूकमध्ये जुना चांदीचा दागिना हाती घेतलात, तर त्याला लटकलेलं मोठं नाणं नीट बघा. हा मारिया थेरेसा थेलर. ओमानमध्ये एके काळी हे नाणं चलनात होतं.

त्यावर साल दिसेल १७८०. पण त्यावरून वय ठरवू नका. त्या साली सम्राज्ञी वारली आणि पुढे अनेक टांकसाळींनी तेच साल ठेवून नाणी पाडली. १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही!

म्हणून आधी अवस्था तपासा. सुटं नाणं सुमारे २८ ग्रॅम भरायला हवं. झिजलेलं थोडं कमी भरेल. कडेवर 'न्याय आणि दया' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं उठावात असतात. ती शाबूत आहेत का? चेहऱ्याचे बारकावे उरलेत का? कडी डाख देऊन जोडली असेल, तर नाणेसंग्राहक किंमत कमी करतो. दागिना म्हणून मात्र तीच कडी त्याची खरी कहाणी सांगते.

आता घरातला डबा उघडा. आजीची पुतळ्यांची माळ, चांदीचा करंडा, पितळी समई. दिवाळीच्या साफसफाईत लख्ख करायचा मोह होतो. पण जोरात घासलं की नक्षी झिजते, आणि झिजलेली नक्षी परत येत नाही. मऊ कापडाने हलकेच पुसा. वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि ही वस्तू कुणाची होती ते मुलांकडूनच लिहून घ्या. तेवढं कुठलाच सराफ सांगू शकणार नाही.