मेंदूतलं विरजण!

चल, तुला एक कोडं घालते. खेळताना गुडघा फुटला की आजी काय करते? जखम धुते आणि वर हळद दाबते. पण जखम मेंदूच्या आत झाली तर? तिथे हळद कोण दाबणार?

सांगू? मेंदू स्वतःच!

कसं, ते कळायला आधी एका पक्ष्याला भेटू. झेब्रा फिंच हा चिमुकला पक्षी पाहिलास कधी? मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण आपल्याकडेही बरेच जण पाळतात. नराचे गाल नारिंगी, छातीवर झेब्र्यासारखे पट्टे. वजन जेमतेम 12 ग्रॅम. मोठा चमचाभर साखर, बस्स!

यांच्यात गाणं म्हणतो फक्त नर! 1976 मध्ये फर्नांडो नॉटबोम आणि आर्थर अर्नोल्ड या शास्त्रज्ञांना त्याचं गुपित दिसलं. नराच्या मेंदूतल्या गाण्याच्या जागा मादीपेक्षा कितीतरी मोठ्या होत्या!

आता शाळेतले शिपाईकाका आठव. ते वर्गावर्गात नोटीस फिरवतात ना? शरीरातही असे निरोपे असतात. त्यांना म्हणतात संप्रेरकं. इस्ट्रोजेन हा त्यातलाच एक निरोप्या. मादीच्या अंडाशयात तो भरपूर तयार होतो, म्हणून सगळे म्हणतात, हे तर बायकांचं संप्रेरक! नराच्या रक्तात जास्त असतं ते टेस्टोस्टेरॉन.

पण थांब, खरी गंमत पुढेच आहे. गाणाऱ्या नराचा मेंदूही इस्ट्रोजेन बनवतो! आणि कशापासून? चक्क टेस्टोस्टेरॉनपासून!

दुधाला विरजण लावलं की दही होतं, तसंच हे. मेंदूतल्या विरजणाचं नाव अ‍ॅरोमटेज. टेस्टोस्टेरॉनच्या एका रेणूत कार्बनचे 19 अणू असतात. विरजण लागलं की त्यातला एक निसटतो. उरले 18, आणि झालं इस्ट्रोजेन तयार!

आता जखमेकडे वळू. प्रार्थनेच्या रांगेत एकाचा तोल गेला की मागची मुलंही धडाधड पडतात ना? मेंदूला मार लागला की तसंच होतं. आधी थोड्या पेशी मरतात, मग त्यांच्या शेजारच्या मरू लागतात.

अशा वेळी धावून येतात चांदणीच्या आकाराच्या पेशी, अ‍ॅस्ट्रोसाइट! एरवी फिंचच्या या पेशींकडे विरजण नसतंच. पण जखम झाली की दिवसभरातच जखमेभोवतीच्या चांदण्या ते बनवू लागतात. मग तिथल्या तिथे ताजं इस्ट्रोजेन! ते शेजारच्या पेशींना सावरतं, पडणारी रांग थोपवतं. शास्त्रज्ञांनी मुद्दाम हे विरजण बंद पाडून पाहिलं, तर जखम पसरतच गेली!

आणि इस्ट्रोजेनची ही हळद नराच्याही मेंदूत लागते, मादीच्याही. उंदरांच्या मेंदूतसुद्धा!

तेव्हा इस्ट्रोजेन फक्त बायकांचं असं कुणी म्हणालं, की त्यांना या नारिंगी गालांच्या गवयाची गोष्ट नक्की सांग!