जुन्या गाडीचा प्लग बसत नाही? जोर लावू नका, आधी आटे साफ करा

दिघाशी (ता. भिवंडी) : आपल्या भागात आजही बऱ्याच दारांत जुनी मारुती ८०० नाहीतर ओमनी उभी असते. ८०० चं उत्पादन २०१४ ला आणि ओमनीचं २०१९ ला बंद झालं, पण भाजीच्या पाट्या आणि दवाखान्याचा पेशंट अजून याच गाड्या नेतात. यांचे तीन प्लग बरेच जण घरीच बदलतात. काम सोपं आहे, मात्र आटे गेले की महागात पडतं.

मागे ऐन लावणीत मीच ही चूक केली. प्लग हाताने फिरेना, म्हणून पान्याने रेटला. आटे गेले, हेड उतरवावं लागलं. गाडी आठ दिवस उभी आणि मजूर आणायला रोज रिक्षा.

आटे का जातात?
प्लग लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम मऊ असतं. आट्यांत काजळी किंवा धूळ साचली आणि प्लग तिरका घुसला, की मऊ आटेच कापले जातात. ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने धूळ साचलेली पटकन दिसतही नाही.

साफ कसे करायचे?
१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लगभोवतीची धूळ हवेने उडवा, मगच प्लग काढा. जड जात असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून थांबा आणि थोडा पुढे, थोडा मागे असा सोडवा.
२. १४ बाय १.२५ मापाचा, आटे साफ करायचा टॅप घ्या. त्याच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही.
३. टॅप हातानेच सरळ लावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अडला तर काढून पुसा, नवीन ग्रीस भरा. प्लगच्या आट्यांपेक्षा जास्त खोल घालू नका.
४. शेवटी भोकातलं ग्रीस कापडाने पुसून घ्या आणि बारीक नळीने हवा मारा. हवा मारताना डोळे सांभाळा.

प्लग बसवताना
प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून फिरवा. प्लग तिरका लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. प्लग हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे. त्यानंतर पान्याने नवा वॉशरवाला प्लग अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत आवळा. जुनाच परत लावत असाल तर अगदी थोडा. आट्यांना ऑइल लावू नका, त्याने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

आटे आधीच गेले असतील तर एमसील वगैरे भरू नका. प्लग उडू शकतो. हेडचं काम करणाऱ्याकडून भोकात स्टीलचे नवे आटे बसवून घ्या. पावसाळ्याआधी एकदा तिन्ही प्लग काढून बघा. रात्री पेशंट न्यायची वेळ आली, तर गाडी एका चावीत सुरू झाली पाहिजे.