चिखल्या : भाताचा चिखल आणि पायाची बुरशी

'चिखल्या' या शब्दानेच रोगाचे कारण सांगून टाकले आहे. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून फुगते, सोलते, भेगा पडतात, खाज आणि आग होते. हे सारे चिखलामुळे, असे शब्द म्हणतो. त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कळले नाही तर उपचार चुकतो, म्हणून हा लेख.

साकोली तालुक्यातले आमचे सानगडी आणि भोवतालची गावे भाताची. पावसाळ्यात पऱ्हे उपटून बांधीत रोवणी करणारे हात बहुतांशी बायकांचे. दिवसभर, आणि ओळीने कितीतरी दिवस, त्यांचे पाय घोट्याच्या वर चिखलात असतात. औषधाविषयी विचारले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पाय त सालोसाल सडतेत भाऊ, त्याले का दवा करा?" चिखल टळत नाही, तेव्हा रोगही टळायचा नाही, असा हा सरळ हिशेब आहे.

त्यात बुरशी मात्र धरलेली नाही. शिळ्या भाकरीवरची बुरशी, पाव फुगवणारे यीस्ट आणि पावसाळ्यात आपण चवीने खातो त्या सात्या, हे सगळे एकाच कुळातले. पूर्वी या कुळाला वनस्पतींत बसवत. १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तेव्हा बुरशीला स्वतंत्र घर दिले. तिच्यात हरितद्रव्य नाही. तिच्या पेशीची भिंत कायटिनची, म्हणजे बांधीतल्या खेकड्याच्या कवचात असते त्याच द्रव्याची. नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. म्हणूनच माणसाला इजा न करता तिला मारणारे औषध शोधणे अवघड जाते.

बुरशी अन्न गिळत नाही. पाचकरस बाहेर सोडते आणि विरघळलेले शोषून घेते. ट्रायकोफायटॉनसारख्या काही बुरशींना केराटिन पचवता येते. आपल्या कातडीचा वरचा मृत थर, केस आणि नखे केराटिनचीच. नायटा, गजकर्ण आणि पायाची बुरशी ही याच मंडळींची कामे.

कोरडी, धड कातडी त्यांना सहसा दाद देत नाही. तासन्‌तास पाण्यात राहिलेली कातडी मात्र फुगते, तिच्यातली वीण सैल होते, चिखलातले खडे आणि धसकटे तिला ओरखडतात. मग बुरशी शिरते आणि मागोमाग जिवाणू. व्हिएतनामच्या युद्धात भातखाचरांतून फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांचे पाय असेच बिघडले. त्या दुखण्याला 'पॅडी फूट' असे नाव पडले. दिवसभर बंद बुटात घामेजलेल्या शहरी पायाचीही हीच गत होते. सारांश, पाणी दार उघडते आणि बुरशी घरात येते. दोघांचाही बंदोबस्त करावा लागतो.

पाण्याचा बंदोबस्त रात्री करता येतो. काम संपल्यावर पाय स्वच्छ धुवावेत, प्रत्येक बेचके कोरड्या फडक्याने टिपावे आणि पाय उघडे ठेवावेत. ते फडके दुसऱ्याला देऊ नये. धुऊन उन्हात वाळवावे. आपल्याकडे बायका पायाला मेंदी लावतात. मेंदीतल्या लॉसोन या द्रव्याने काही बुरशींची वाढ रोखल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे, तेव्हा ही रीत अगदीच निराधार नाही. पण तेवढ्यावर जडलेला रोग बरा होईल असे धरून चालू नये. बाजारातली काळी मेंदी तर फुटलेल्या कातडीला लावूच नये.

बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोलचे साधे मलम दिवसातून दोनदा लावतात. खाज थांबली की मलम थांबवणे ही नेहमीची चूक. डाग गेल्यावरही साधारण दोन आठवडे ते लावावे लागते, कारण उरलेले धागे पुन्हा वाढतात. नख जाड आणि पिवळे झाले असेल तर मलम पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या लागतात. मधुमेह असेल, किंवा पाय सुजून लाल झाला, ताप आला, तर घरी थांबू नये. भेगेतून शिरलेले जिवाणू पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतात.

पायावर न दुखणारी गाठ येऊन तिच्यातून कणीदार पू वाहू लागला, तर ते चिखल्यांचे दुखणे नव्हे. काटा रुतून आत गेलेल्या बुरशीने किंवा जिवाणूंनी होणारा हा 'मायसेटोमा'. त्याचा पायाभूत अभ्यास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या आणि पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन असलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी केला. त्यांचा ग्रंथ १८७४ चा. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची मूळ चित्रे काढणारे कार्टर ते हेच.

आज मोठा धोका आहे तो दुकानात मागून घेतलेल्या मिश्र ट्यूबचा. तिच्यात बुरशीनाशकासोबत प्रतिजैविक आणि जोरकस स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत जाते, म्हणून ट्यूब नावाजली जाते. खरे तर लाली ही शरीराच्या प्रतिकाराची खूण असते. प्रतिकार दबतो आणि बुरशी निवांत पसरते. ओळखू न येणाऱ्या अशा नायट्याला १९६८ सालीच 'टिनिया इन्कॉग्निटो' हे नाव मिळाले होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. २०२० साली जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून एका बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए' हे नाव दिले. ती जांघेत आणि अंगावर नायटा आणते आणि टर्बिनाफिन या हमखास औषधाला अनेकदा जुमानत नाही. तिच्या फैलावामागे या ट्यूबांचा बेसुमार वापर हे एक कारण मानले जाते.

म्हणून ट्यूब घेताना तिच्यावरची नावे वाचावीत, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावीत. क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे दिसले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. भात चिखलातच लागणार आणि रोवणीला पाय भिजणारच. पण दवा करण्याजोगे हे दुखणे आहे, एवढे त्या आजींना सांगायलाच हवे.