‘बायका किती?’ एवढं मोजून समानता कळत नाही



एमएस्सी (रसायनशास्त्र) झाल्यावर मी एका औषध कंपनीत क्यूसी लॅबसाठी मुलाखत दिली होती. एचपीएलसीवरचे प्रश्न छान गेले. शेवटी साहेबांनी विचारलं, "तीन पाळ्या असतात. रात्रपाळीचं काय करायचं?" मी म्हटलं, "जमेल मला." ते हसून म्हणाले, "तुम्हाला जमेल हो, आम्हाला नाही जमत. मुलगी रात्री ठेवायची म्हणजे गाडी आली, गार्ड आला, कागदपत्रं आली." माझ्याबरोबर आलेल्या वर्गमित्राला नोकरी लागली, मला नाही.

बरेच दिवस याचा फक्त राग येत होता. पुढे कारखान्यातल्या कामाच्या परिस्थितीवर पीएचडी करायचं ठरलं, तेव्हा पहिल्या आराखड्यात मी लिहिलं, ‘उद्योगांमधील स्त्री-पुरुष समानतेचा अभ्यास’. गाइडनी त्याखाली लाल रेघ मारून एकच प्रश्न लिहिला: "मोजणार काय?" आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

पहिला मोह: डोकी मोजणं

सगळ्यात सोपं म्हणजे हजेरीपट घ्यायचा आणि स्त्रियांची टक्केवारी काढायची. पण समजा, एका कारखान्यात शंभरात वीस स्त्रिया आहेत. त्या सगळ्या पॅकिंगमध्ये असतील, तर? किंवा झाडलोट आणि कँटीनमधल्या बायका कंत्राटदाराच्या पटावर असल्यामुळे आकड्यात आल्याच नसतील, तर? टक्केवारी बरोबर असूनही उत्तर चुकतं. म्हणून मी प्रश्न बदलला: एखाद्या सोयीचा किंवा संरक्षणाचा खर्च नेमका कोणाच्या नावावर पडतो? मुलाखतीतल्या साहेबांनी नकळत हेच सांगितलं होतं.

पाळणाघराचा आकडा

१९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ४८ होतं. ज्या कारखान्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर. हेतू चांगलाच होता. पण आता मालकाच्या खुर्चीत बसून बघा. तीस बायका असेपर्यंत खर्च शून्य. एकतिसावी घेतली की खोली, आया, दूध, सगळं सुरू. म्हणजे त्या एकतिसाव्या बाईच्या भरतीवर अख्ख्या पाळणाघराचं बिल लागतं.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं. इथे बारकाईने वाचा: ‘स्त्री कर्मचारी’ नाही, नुसते ‘कर्मचारी’. आता सगळे पुरुष भरले तरी पाळणाघराची अट टळत नाही. बाई घेण्या-न घेण्याशी त्या खर्चाचा संबंध तुटला. वाक्यातला एक शब्द गेला आणि मालकाचं गणित बदललं. (प्रत्यक्षात पाळणाघरं किती निघाली, हा वेगळा प्रश्न, आणि तो कागदावरून नाही, तिथे जाऊनच कळतो.)

बाळंतपणाची रजा: एकच हक्क, दोन खिसे

त्याच दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. ज्या बाईचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि कारखाना ईएसआयखाली येतो, तिला हे पैसे ईएसआयच्या निधीतून मिळतात. त्या निधीत पुरुष असो की स्त्री, प्रत्येकाच्या वेतनावर सारखीच वर्गणी जाते: मालकाची ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के. खर्च सगळ्यांत वाटला गेला.

पण तीच बाई सुपरवायझर झाली, पगार मर्यादेच्या वर गेला, की २६ आठवड्यांचा पगार थेट मालकाच्या खिशातून. म्हणजे बढतीबरोबर ती मालकाला ‘महाग’ दिसू लागते. वरच्या पदांवर बायका कमी का, याचं हे एकमेव कारण नक्कीच नाही. पण तपासून बघण्यासारखं गृहीतक आहे की नाही?

रात्रपाळी

कारखाना अधिनियमाच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत काम देता येत असे. राज्य सरकारला सवलत देता यायची, पण रात्री १० ते पहाटे ५ मात्र नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामाचा हक्क आणि त्यांच्या संमतीने रात्रीचं काम, अशी तरतूद आली.

बंदी उठणं चांगलंच. पण गाडीचा खर्च ‘बाईसाठी’ म्हणून मांडला, तर साहेबांचं उत्तर तेच राहणार. पहाटे तीनला सुटणाऱ्या पुरुषालाही बस नसतेच की! गाडी संपूर्ण पाळीसाठी ठेवली, तर ती बाईची सवलत न राहता कामाची सोय होते. आणि ‘संमती’ म्हणजे काय? रुजू होतानाच्या गठ्ठ्यात एका कागदावर घेतलेली सही, की नंतर ‘नाही’ म्हणायची मोकळीक? हे प्रश्नावलीत हवं.

समान वेतन, पण कोणाशी समान?

समान वेतन कायदा १९७६ चा. ‘समान किंवा समान स्वरूपाचं काम’ ही त्याची कसोटी होती. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या खटल्यात (१९८७) स्त्री स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामाकडे ढोबळमानाने बघा, किरकोळ फरकांवर अडू नका. आणि आर्थिक अडचण ही सबब चालणार नाही.

तिथे तुलनेला पुरुष स्टेनो होते. पण ज्या पॅकिंग खात्यात एकही पुरुष नाही, तिथे तुलना कोणाशी करणार? म्हणून सरासरी पगाराआधी खातेनिहाय विभागणी काढा.

मग मोजायचं काय?

माझ्या वहीतली यादी देते:

१. अर्ज किती, मुलाखती किती, भरती किती. गळती नेमकी कुठे होते?
२. खातं, पाळी आणि पट (कायम की कंत्राटी) यांनुसार स्त्री-पुरुष संख्या.
३. प्रत्येक सोयीचा खर्च कोणाच्या खात्यावर: व्यक्तीच्या, पाळीच्या की सामायिक निधीच्या?
४. हातमोजे, बूट, हार्नेस बायकांच्या मापाचे आहेत का? सैल हातमोज्याने सॉल्व्हंट हाताळून बघा, म्हणजे हा ‘छोटा’ मुद्दा नाही हे कळेल.
५. स्वच्छतागृह कामाच्या जागेपासून किती पावलांवर आहे? स्वतः चालून मोजा.
६. लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती (२०१३ च्या कायद्यानुसार) कागदावर असेलच. तिच्या सदस्यांची नावं कंत्राटी बाईला माहीत आहेत का?

शेवटचं, आणि हे मी स्वतःलाही बजावते. वर्गमित्राला नोकरी लागली आणि मला नाही, हा *पुरावा* नाही. कदाचित त्याची मुलाखत खरंच जास्त चांगली झाली असेल. एका अनुभवातून प्रश्न मिळतो, उत्तर नाही. पण तो प्रश्न फेकून देऊ नका. तुमच्या आराखड्यात ‘समानतेचा अभ्यास’ असं काही लिहिलं असेल, तर आज रात्री त्याखाली एक लाल रेघ मारा आणि स्वतःला विचारा: मोजणार काय?