गच्चीवरचे ऊन कोणाचे?

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची गच्ची वर्षातून दोनदा सर्वांची होते. एकदा कुरडया-पापडांच्या दिवसांत आणि एकदा कोजागिरीला. पावसाळ्यात ती गळू लागली म्हणजे मात्र ती फक्त चौथ्या मजल्याची असते! गेल्या वैशाखात याच गच्चीवरून आमच्या सभेत जे रण माजले, त्याचे कारण मी आहे, हे आधी कबूल करतो.

झाले असे, की सुट्टीत आम्ही नाशिकला मेहुण्यांकडे गेलो होतो. त्यांचा लहानसा बंगला आहे. त्यांनी छपरावर ३ किलोवॉटची सौरवीज बसवली आणि केंद्र सरकारकडून ७८ हजार रुपये अनुदान मिळवले. ‘पीएम सूर्य घर’ ही ती योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती जाहीर झाली. एक कोटी घरे आणि ७५ हजार कोटींहून अधिक खर्च, असा तिचा पसारा आहे. मेहुणे विजेचे बिल असे दाखवीत होते, जणू मुलाची गुणपत्रिकाच! मी घरी परतलो तो सूर्योपासक होऊनच.

आमची इमारत चार मजली, बिऱ्हाडे वीस. बहुतेक एका खोलीची नि स्वयंपाकघराची. मी सभेत योजना वाचून दाखवली. बंगलेवाल्याला पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार. सोसायटीला मात्र लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार. आमच्या सामाईक मीटरवर महिन्याला सुमारे ११०० युनिट पडतात. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो. म्हणजे १० किलोवॉट पुरे. खर्च साडेपाच लाख, अनुदान १ लाख ८० हजार. पण हे अनुदान काम पुरे होऊन वीज सुरू झाल्यावर खात्यात येते. तोवर दर बिऱ्हाडाने २७,५०० रुपये काढायचे.

“म्हणजे आधी खिसा, मग सरकार,” सेक्रेटरी म्हणाले.

चौथ्या मजल्यावरचे अप्पा उठले. त्यांना स्वतःपुरते ३ किलोवॉट हवे होते. “ऊन माझ्या डोक्यावर तापतं, पाऊस माझ्या घरात येतो, मग वीजही मलाच नको का?” युक्तिवाद बिनतोड होता, पण किलोवॉटला शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. पाण्याची टाकी नि शेजारच्या इमारतीची सावली सोडली, तर आमच्याकडे उरते बाराशे. वीस घरांनी दोन-दोन किलोवॉट म्हटले तर चार हजार कोठून आणायचे?

मग तळमजल्यावरच्या काकू बोलल्या. यजमानांच्या मागे कुटुंबनिवृत्तिवेतनावर त्यांचे चालते. “सर, मी लिफ्टनं कधी जात नाही. सत्तावीस हजार देऊन जिन्यातला दिवा फुकट पेटणार. माझ्या घरातल्याचं काय?”

मला उत्तर सुचले नाही. वर्गात असे झाले तर तास संपल्याची घंटा तरी होते! एक घर, एक छप्पर, एक मीटर असे धरून योजना आखली, की ज्याचे छप्पर स्वतःचे त्याला जास्त मिळते. ज्याच्या डोक्यावर चार मजले आहेत, त्याच्या वाट्याला जिन्यातला उजेड. हे मला आजही न्याय्य वाटत नाही.

पण वाट अगदीच बंद नाही. गच्चीवर एकच संच बसवायचा आणि त्याची वीज ठरलेल्या हिश्शाने प्रत्येक घराच्या बिलातून वजा करायची, अशी पद्धत आहे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच तिचे नियम केले, आणि केंद्राच्या योजनेत असा संचही अनुदानाला पात्र धरला जातो. इंग्रजीत हिला ‘व्हर्च्युअल नेट मीटरिंग’ म्हणतात. ‘आभासी’ म्हणावे तर लोक विचारतील, पंखा तरी खरा फिरेल ना? मी प्रतिशब्द चाचपडत असताना काकूच म्हणाल्या, “म्हणजे वाटणीचा मीटर!” मराठीच्या प्राध्यापकाने तो शब्द निमूटपणे टिपून घेतला.

सभा तीन तास चालली. सेक्रेटरींनी वाटणीच्या मीटरसाठी वीज कंपनीला पत्र लिहावे, हे ठरले. काकूंकडून आणि आणखी दोन बिऱ्हाडांकडून रक्कम एकदम न घेता सोसायटीच्या निधीतून भरावी नि पुढे बचतीतून वळती करावी, यावर अप्पा बराच वेळ गप्प होते. अखेर त्यांनीच अनुमोदन दिले. मात्र गच्ची दुरुस्त केल्याखेरीज पॅनेल चढवायचे नाहीत, ही अट त्यांनी घातली.

इतिवृत्त मीच लिहीत होतो. सह्या घ्यायच्या वेळी काकूंनी वही मागे सरकवली.

“यात कुरडयांची जागा लिहिली नाहीत.”

ठराव क्रमांक ४ : पूर्वेकडील कोपरा, दोनशे चौरस फूट, वाळवणासाठी मोकळा ठेवावा. सर्वानुमते मंजूर.